सात पानांचा पिंपळ

११ जुलै २००६, मंगळवार

आज आषाढी पौर्णिमा. वर्षावास सुरू झाला. भन्तेजी बोरीहून जीपने आले, वंदना झाली आणि मग त्यांनी एक काळी प्लास्टिकची पिशवी माझ्या हातात दिली. आत पिंपळाचं रोप, बोधगयेच्या झाडाच्या बीपासून केलेलं. वीतभर उंच. सात पानं.

विहार समितीचा अध्यक्ष राजदीप माझाच विद्यार्थी, सातवीत दोनदा बसला होता. माईक हातात आला की सोडत नाही. म्हणाला, "दीक्षेले यंदा पन्नास वर्षं होऊन राह्यले. चौदा ऑक्टोबरले हे झाड विहारापुढे लागन. तोवर आपले उकंडा गुरुजी सांभाळतीन. गुरुजीच्या हाताले यश हाये."

टाळ्या झाल्या. माझ्या हाताला किती यश आहे ते माझ्या परसात येऊन पाहावं. चार वांगी आणि एक पपई, तीही नर निघाली. विहाराला कुंपण नाही आणि गावच्या बकऱ्या मोकळ्या, म्हणून रोप माझ्या घरी आलं. खरं कारण एवढंच.

फुटक्या माठाच्या बुडात लावलं. सून मोनाली ओट्यावर बसून पाहत होती. तिला परवा सहावा लागला. पहिलं पाचव्यात गेलं. दुसरं जन्माला येऊन दोन दिवस राहिलं. या वेळी घरात कोणी त्यावर बोलत नाही, सगळे नुसते हळू चालतात. माझी बायको इंदूबाई भांडी घासते तीही आवाज न करता.

१४ जुलै

लिहू की नको, असं करत तासभर पेन हातात धरून बसलो. पण खोटंच लिहायचं तर दैनंदिनी कायले पाहिजे?

सकाळी रोपाला पाणी घालत होतो. मनात आलं, हे जगलं तर पोरीचं लेकरू जगन.

मी बोलावलं नव्हतं. आलं आणि बसलं. आता उठायला तयार नाही.

छप्पन्न साली सोळा वर्षांचा होतो. बापासोबत नागपूरला गेलतो, गर्दीत उभं राहून बावीसच्या बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. पुढे छत्तीस वर्षं पोरांना गणित आणि विज्ञान शिकवलं. लिंबू-मिरची विकणाऱ्याला शाळेच्या फाटकावरून हाकललं. आणि आज मीच असा!

नाव तरी काय माझं? उकंडा. माझ्या आधीची तीन लेकरं गेली, म्हणून मायने मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीने उचललं आणि मायने पसाभर ज्वारी देऊन तिच्याकडून मला विकत घेतलं. म्हणजे मरणाला वाटावं की हा केरकचरा आहे, याला कायले न्यायचं. या नावाची मला सगळी हयात लाज वाटली. शाळेत पोरं मागून हसत. मी म्हणायचो, नाव अडाणीपणाचं आहे, माणूस नाही.

आज माणूसही तसाच निघाला.

१९ जुलै

सात पानं. कालही सात.

रोपापुढे त्रिसरण म्हणायला लागलो आहे. सकाळी कुठेतरी म्हणायचंच असतं, तिथे म्हटलं तर काय बिघडलं.

मुळं धरली की नाही ते कळत नव्हतं, म्हणून बोटाने जरा माती उकरून पाहिली. पांढरं टोक दिसलं. परत झाकलं. मग वाटलं माती घट्ट आहे. राख घातली. मग वाटलं राख जास्त झाली, ताक घातलं.

"अजी, त्याले जरासा दम घेऊ द्या," इंदू म्हणाली. "लेकराच्या तोंडातून घास काढून पाहता काय, गिळला का नाही म्हणून?"

"तुले समजत नाही. हे साधं झाड नाही."

"मले दिसूनच राह्यलं."

२८ जुलै

एक पान गळलं. सहा.

दुपारी मोनालीच्या पोटात दुखायला लागलं. अतुलने (माझा मुलगा) फटफटीवर न्यायचं म्हटलं, मी ओरडलो. मग जीप मिळाली. दारव्ह्याच्या डॉक्टरीणबाईंनी सुई दिली, गोळ्या दिल्या, आडवं राहायला सांगितलं.

दोन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या. योगायोग. यावर मी वर्गात एक आख्खा तास घ्यायचो. फळ्यावर आकडे मांडून दाखवायचो.

माठ ओट्यावरून हलवून पूर्वेच्या भिंतीला ठेवला.

२९ जुलै

पूर्वेला ऊन लागतं. परत ओट्यावर.

६ ऑगस्ट

पाच. त्यातलं एक पिवळं.

अतुल कपाशीत डवरणी करून आला आणि न बोलता जेवला. त्याचं हल्ली असंच. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या करणाऱ्या पेपरवाल्यांची गाडी गावात येऊन गेली. एक जण माझ्याजवळ थांबून विचारत होता, "गुरुजी, तुमच्या गावात यंदा कोणी?" म्हटलं, नाही कोणी. बिचारा हिरमुसला आणि पुढच्या गावचा रस्ता विचारून गेला. अतुल ऐकत होता. मला त्या माणसाच्या कानफटात दोन द्याव्याशा वाटल्या.

नंतर रोपाजवळ बसलो. "बेटा, असं करू नये," म्हटलं. मोठ्याने निघालं तोंडातून. मागे इंदू धुणं वाळत घालत होती. तिने ऐकलं असेल.

१३ ऑगस्ट

दोन दिवस यवतमाळला निवृत्त शिक्षकांच्या मेळाव्याला गेलतो. भाषणं ऐकताना सगळा जीव माठात. एका मित्राने विचारलं, "कसं काय?" मी म्हटलं, "पाच." तो माझ्याकडे पाहतच राहिला.

आज घरी आलो आणि चप्पल न काढता आधी ओटा गाठला. सात पानं! मोजली, परत मोजली. हिरवीगार, देठ ताठ, शेंड्याला तांबूस कोंब. खोडही जाड वाटतं. आपण नसताना झाडं वाढतात ते उगाच नाही म्हणत. ताकाचा गुण उशिरा येतो, हे नक्की. नोंद करून ठेवतो: ताक, आठवड्यातून एकदा, वाटीभर.

मातीत मात्र विटेचा चुरा आणि चुन्याचे खडे दिसले. इंदूला रागावलो, "माठात काय पण टाकत राहते तू!" तिच्या कोपराला फडकं बांधलेलं होतं. मोरीत घसरली म्हणे. या वयात जपून चाललं पाहिजे.

मोनाली आज उठून बसली. दोन भाकरी खाल्ल्या. माझा आनंद पोटात मावत नाही. काही संबंध नाही हे मला माहीत आहे, पण मावत नाही.

२४ ऑगस्ट

आठ पानं. पोळा झाला. अतुलचे बैल छान दिसत होते.

आठवं पान निघालं ते पोरीला सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "माहीत हाये मामाजी, मी पाह्यलं दुपारी."

३ सप्टेंबर

पानांवर बारीक पांढरे किडे. कपाशीवरचेच आले असणार, सगळ्या शिवारात आहेत. एकेक बोटाने पुसले. उद्या परत येतील. झोप लागत नाही, जेवण जात नाही. इंदू म्हणते, "तुमालेच डोहाळे लागले."

७ सप्टेंबर

आज जे केलं ते लिहितो.

अतुल कपाशीवर फवारायचं औषध बादलीत कालवत होता. त्याची पाठ वळली तशी मी गडूभर घेतलं आणि फडक्याने पानांना लावलं. किडे मेले. इंदूने वास घेतला आणि अशी धावून आली की मी मागे सरलो.

"घरात पोटुशी पोरगी हाये! अक्कल गहाण ठेवली काय?"

माठ तिने उचलून परसाच्या टोकाला नेऊन ठेवला. मला साबणाने दोनदा हात धुवायला लावले. एवढा मोठा मास्तर आणि मोरीत हात पुढे करून उभा.

१० सप्टेंबर

पानं करपली. पहिल्या दिवशी कडा, काल अर्धी, आज सगळी. देठ नखाने खरवडून पाहिला, आतही तपकिरी. मेलं.

मी मारलं.

मोनालीला झोपून राहायचं असल्यामुळे तीन दिवस परसाच्या टोकापर्यंत ती आलेली नाही. उद्या येईल.

११ सप्टेंबर

सकाळी फिरायला जातो म्हणून निघालो तो थेट बोरीच्या रस्त्यावरच्या बंद जिनिंगवर. आठ वर्षं झाली तिला कुलूप लागून. एके काळी आसपासच्या पाच गावांचा कापूस तिथे यायचा. इंदू लग्नाआधी तिथेच रुई उचलायला होती, गावातल्या अर्ध्या बाया होत्या. आता भिंतीभिंतीतून पिंपळ निघालेत. त्यांना ना राख लागते ना ताक.

कमरेएवढ्या उंचीवर एक बरोबर मापाचं दिसलं. शेजारीच भिंतीत ताजं भोक होतं, वीट खरवडून कोणीतरी असंच रोप काढून नेलेलं. औषधाला नेलं असेल कोणी. मी विळ्याने चुना उकरला आणि मुळासकट ओढलं. बोटं सोलली. धोतरात गुंडाळून आणलं, मेलेलं काढून उकिरड्यात पुरलं, नवं माठात लावलं. आठ पानं होती. दोन खुडली, म्हणजे दुखण्यातून उठल्यासारखं दिसेल.

साठी उलटल्यावर चोरी शिकलो.

इंदूने पाहिलं. माठाकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे पाहिलं. हळद आणून दिली आणि म्हणाली, "मोरीत घसरले काय?"

"हो," म्हटलं.

१८ सप्टेंबर

झाड मजेत आहे. मी नाही.

बोललो होतो ते त्या झाडाशी. ते मेलं. मग बोलणं कुठे गेलं? या नव्याला काही माहीतच नाही. याच्याशी नव्याने बोलावं तर पहिल्याशी बेइमानी. न बोलावं तर लेकरू उघड्यावर. असले हिशेब ज्या माणसाला पडतात त्याला मी वर्गात बाकावर उभा केला असता.

२५ सप्टेंबर

मोनाली आज माठाजवळ बसली होती. पानाला बोट लावून म्हणाली, "मामाजी, सांगू का? हासू नका. मी मनात धरलं हाये. हे आन् माह्या पोटातलं, दोघं संगच हायेत. म्हणून रोज दुपारी मोजतो."

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

मी तिला काय सांगायला पाहिजे होतं ते मला ठाऊक आहे. पोरी, असं काही नसतं. छत्तीस वर्षं हेच सांगत आलो. पण ती इतकी निवांत दिसत होती, दोन वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, "चांगलं हाये बेटा." आणि परसात जाऊन उगाच पपईला पाणी घातलं. ती नर आहे, तिला पाणी घालून काही होत नाही.

आता खरं सांगता येणार नाही. खोट्या झाडाला दोघं लटकलो आहोत आणि एकट्या मला माहीत आहे.

३ ऑक्टोबर

राजदीप आला होता. चौदाला झाड लावण्याआधी माझं भाषण ठेवलं आहे. विषय विचारला तर म्हणाला, "अंधश्रद्धा निर्मूलन. तुमच्याशिवाय कोण बोलन, गुरुजी?"

मी उठून त्याच्यासाठी अजून चहा आणायला गेलो.

८ ऑक्टोबर, रविवार

सकाळी कळा सुरू झाल्या. महिनाभर आधी. जीप, दारव्हा, तिथून पुढे यवतमाळचं मोठं सरकारी हॉस्पिटल. संध्याकाळी पाचला सीझर करून मुलगी झाली. पावणेदोन किलो. मोनाली बरी आहे. मुलीला काचेच्या पेटीत ठेवलं आहे, नाकात नळी. अतुल आणि मोनालीची आई तिथे थांबले. आम्हा दोघांना त्याने परत पाठवलं, म्हणाला, "तुमी अठी बसून काय करान, बाबा? माह्या डोक्याले अजून ताप."

जीपमध्ये शेजारचा एक जण म्हणाला, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं कठीण असतं. मी त्याला म्हटलं, हे कोणत्या पुस्तकात आहे? मग मीच गावापर्यंत मनात महिने मोजत आलो.

१० ऑक्टोबर

अतुलचा फोन शेजाऱ्यांकडे आला. वजन उतरलं, दीड किलो. रंग पिवळा. निळ्या दिव्याखाली ठेवलं आहे. दूध पचत नाही.

आणि हे झाड! नऊ पानं. नऊ! चकाकतात. त्याच्यापुढे उभा राहून म्हटलं, "तुले लाज नाही वाटत?" लाथ घालायला पाय उचलला होता.

११ ऑक्टोबर

राहवलं नाही. दुपारी इंदू अंगणात तांदूळ निवडत होती. तिच्यापुढे जाऊन बसलो.

"हे झाड खोटं हाये," म्हटलं. "खरं मागच्या महिन्यात मेलं. माह्या हातानं. हे मी जिनिंगच्या भिंतीतून आणलं. आन् मी मनात बोललो होतो, झाड जगलं तर लेकरू जगन. पोरगीही तेच बोलली हाये. आता ते तठी पेटीत हाये आन् मी अठी खोट्या झाडाले पाणी घालून राह्यलो."

तिने सूप खाली ठेवलं नाही. एक खडा काढून फेकला.

"मागच्या महिन्यात मेलं तेही भिंतीतलंच होतं."

मला समजलं नाही.

"भन्तेजीनं देलेलं तं ऑगस्टातच मेलं. तुमी यवतमाळले गेलते ना मेळाव्याले, त्याच दिवशी. सकाळी पाह्यलं तं पाचही पानं खाली. मंग मीच गेलती जिनिंगवर. कोपर सोलून घेतलं."

माझ्या डोळ्यांपुढे ते भिंतीतलं भोक आलं, विटेचा चुरा आला, फडकं बांधलेलं कोपर आलं. सगळं मी माझ्या हाताने इथे लिहून ठेवलं आहे, आत्ता मागची पानं उलटून पाहिली. सगळं लिहिलं आणि ताकाला श्रेय दिलं.

"मले काहून नाही सांगतलं?"

"कोणाले सांगू? तुमी सकाळी पानं मोजा, पोरगी दुपारी मोजे. सदतीस वर्षं झाले तुमच्यासंग. तुमी झाडाले बेटा म्हणून राह्यले आन् मले समजत नाही काय, काय चालू हाये तं?" आता तिने सूप ठेवलं. "गणिताचे मास्तर ना तुमी? मंग करा हिशेब. झाड ऑगस्टात मेलं. लेकरू ऑक्टोबरात आलं. मंधात दोन महिने पोटात वाढलं ते कोणत्या झाडाच्या भरवशावर?"

मी हिशेब केला. बोटांवर केला, खरंच. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. मग रडलो. किती वर्षांनी रडलो आठवत नाही. ती उठली नाही, जवळ आली नाही. तांदूळ निवडत राहिली आणि मधेच म्हणाली, "झालं का? चुलीवर भात ठेवाचा हाये."

१४ ऑक्टोबर, शनिवार

विहारापुढे मांडव. आजूबाजूच्या गावांतूनही माणसं आली होती. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे. राजदीपने मला माईक दिला. खिशात चार पानांचं भाषण होतं. काढलं, चष्मा लावला आणि परत खिशात ठेवलं.

सगळं सांगितलं. भन्तेजींच्या झाडाचं काय केलं ते, इंदूचं, माझं, औषधाचं, मनात काय धरलं होतं ते. पायाखालची सतरंजी पाहत सांगितलं. वर पाहिलं तेव्हा राजदीपचा चेहरा पडला होता. मागे दोघं-तिघं पोरं हसत होती. हसू दिलं.

मग बायांमधून इंदूसोबत जिनिंगमध्ये असलेली एक म्हातारी उठली. "म्हंजे आपल्या जिनिंगचा पिंपळ हाये का हा? आमी ज्या भिंतीले टेकून भाकर खाऊ, तठचा?"

"हो, बाई."

"मंग लावा ना! कायले उशीर करून राह्यले?"

मी भन्तेजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "पिंपळच आहे ना, गुरुजी? लावा. ऊन चढतंय."

खड्ड्यात घालायला इंदूने आमच्या उकिरड्यावरचं टोपलीभर खत आणलं होतं. उकिरडा तोच, मायच्या वेळचा, जागा बदलली नाही. पहिली ओंजळ मी घातली. मग त्या बाया एकेक करून आल्या आणि प्रत्येकीने मूठभर माती टाकली. त्या झाडाशी काही पुटपुटत होत्या. काय, ते मी विचारलं नाही.

१६ ऑक्टोबर

यवतमाळला गेलतो. मुलीच्या नाकातली नळी काल काढली. वजन एका जागी थांबलं आहे, आता चढेल असं सिस्टर म्हणाल्या. पण पेटीतून बाहेर यायला अजून बरेच दिवस. मोनाली दर तीन तासांनी दूध काढून वाटी-चमच्याने देते. काचेतून पाहिली. अंगठ्याएवढी मूठ. अतुल माझ्या बाजूला उभा होता. म्हणाला, "बाबा, माह्यासारखे कान हायेत." असं आपणहून काही तो या वर्षात माझ्याशी पहिल्यांदा बोलला.

मग मोनालीच्या खाटेजवळ बसलो. तिला सांगायचंच होतं. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगायला पाहिजे होतं. सांगितलं. पहिलं झाड, दुसरं, तिसरं.

ती छताकडे पाहायला लागली. मला वाटलं आता ही मोडली. मग तिचं पोट हलायला लागलं. हसत होती, टाके दुखत होते म्हणून पोट धरून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी कानापर्यंत.

"म्हंजे मामाजी, मी दोन महिने एका मेलेल्या झाडाच्या भरवशावर होतो?"

"झाडाच्या नाही, बेटा. तुह्या सासूच्या. आपण दोघंही."

तिने पदराने तोंड पुसलं. सिस्टरने दाराशी येऊन दुधाची वेळ झाली म्हणून सांगितलं. मोनाली उठून बसली, चपला पायाने शोधल्या. जाता जाता थांबली.

"आता किती पानं हायेत त्याले?"

"मी मोजणं सोडलं," म्हटलं.

ती माझ्याकडे पाहत उभी राहिली.

"नऊ," म्हटलं.